गामाची खरी कुस्ती कुठली

गामा पैलवानाची सगळ्यात मोठी कुस्ती कुठली, असं आमच्याकडं कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं. पतियाळाची. 1928 साल, समोर पोलंडचा झिबिस्को, आणि मिनिटाच्या आत तो चितपट. सांगणारा हाताची झडप मारून दाखवतो, ऐकणारे "आहाहा" करतात, आणि विषय संपतो. मी गेली चाळीस वर्षं हे ऐकतोय आणि मला ते पटत नाही. मिनिटात पडलेली कुस्ती मोठी कशी? मोठी म्हणायची तर ती कुणाची, आणि कशासाठी?

गामा आमच्या मुलखाचा नव्हे. अमृतसरकडचं काश्मिरी मुसलमान घराणं, 1878 चा जन्म, वाढला दतिया संस्थानाच्या आश्रयाला. पण कोल्हापूरच्या आसपासच्या माणसाला तो परका वाटत नाही. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं, त्या पहिल्या मैदानात गामाचा धाकटा भाऊ इमामबक्ष लढला होता, असं जुनी माणसं सांगत. आमच्या गावच्या तालमीत मारुतीच्या शेजारी गामाचा फोटो होता, काच तडकलेला. शनिवारी मारुतीला रुईचा हार पडायचा, त्यातला एक पदर फोटोवर यायचा. हे बरोबर का चूक असं कुणी कधी विचारलं नाही. वस्तादांनी घातला म्हणजे घातला.

गामाच्या बैठका, दूध, बदाम, तूप यांचे आकडे मी देत नाही. ते आकडे गावोगाव वाढत जातात. आमच्या शेजारच्या गावात तो रोज जेवढं दूध पीत होता तेवढं त्या गावच्या डेअरीत जमत नाही. एक गोष्ट मात्र सगळीकडं सारखीच सांगतात. दहा वर्षांचा असताना जोधपूरच्या दरबारात बैठकांची चढाओढ लागली. चारशेच्या वर पैलवान उतरले, आणि शेवटच्या पंधरात हा पोरगा उभा होता. राजानं त्यालाच विजयी केलं. पोराचं वय बघून केलं, हे उघड आहे. पण पाय त्याचेच होते.

आता लंडन. 1910 साल. गामा, इमामबक्ष आणि आणखी काही पैलवान बोटीनं विलायतेला गेले. तिथं मोठी स्पर्धा होती, पण गामा पाच फूट सात इंचांच्या आसपास, तिकडच्या मल्लांपुढं बुटका. त्याला घेतलंच नाही. मग त्यानं एका थिएटरातून आव्हान दिलं की कुठल्याही वजनाचे तीन मल्ल मी अर्ध्या तासात पाडतो. लोकांना वाटलं, थापा मारतोय. शेवटी बेंजामिन रोलर नावाचा अमेरिकन मल्ल उभा राहिला. हा माणूस डॉक्टरकी शिकलेला. गामानं त्याला पहिल्यांदा दीड-पावणेदोन मिनिटांत पाडला आणि दुसऱ्यांदा नऊ-दहा मिनिटांत. दुसऱ्या दिवशी आणखी डझनभर पाडले. तेव्हा कुठं झिबिस्कोशी जोड लागली. इनाम अडीचशे पौंड आणि 'जॉन बुल' नावाचा पट्टा.

10 सप्टेंबर. गामानं मिनिटभरात झिबिस्कोला खाली घेतला. झालं, असं सगळ्यांना वाटलं. पण खाली गेलेला झिबिस्को वर आलाच नाही. पोटावर पालथा, हात आवळलेले, मान आत. वजनानं गामापेक्षा कितीतरी जड. गामानं वरून सगळं करून बघितलं. अडीच तासांच्या वर हे चाललं. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली आणि 17 तारखेला पुन्हा धरायची ठरली. त्या दिवशी गामा आला, झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला.

आपल्याकडं झिबिस्कोची थट्टा इथूनच सुरू होते. "भुईला मुका घेऊन पडला होता," असं म्हणून लोक हसतात. मलाही लहानपणी हसू यायचं. नंतर यायचं बंद झालं, त्याला कारण आमच्या घरातलं आहे.

आमचे थोरले बंधू, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, तरुणपणी पैलवान होते. फार मोठे नव्हेत. जत्रेत शंभर-दीडशेच्या इनामावर लढणारे. एका जत्रेत त्यांची जोड नदीपलीकडच्या एका पैलवानाशी लागली. तो अंगानं दीडपट. खरं तर पंचांनी अशी जोड लावायला नको होती, पण ठरलेला पैलवान आला नाही, हलगी वाजायला लागली होती, आणि लोक ओरडत होते. आण्णांनी शड्डू ठोकला. पहिली दहा मिनिटं खडाखडी झाली, मग त्यानं पट काढला आणि आण्णा खाली गेले. आणि मग ते खालीच राहिले. तासभर. त्यानं घिस्सा ओढला, मोळी बांधायला बघितली, घुटना ठेवला. आण्णांच्या कानातून रक्त आलं, पण पाठ काही मातीला लागली नाही. दिवस मावळायला आला तेव्हा पंचांनी सोडवली. इनाम निम्मं-निम्मं.

गावात आलो तर आण्णांचं नाव पडलेलं. घोरपड. गंमत बघा, आपल्या इतिहासात घोरपडीसारखं किल्ल्याला चिकटून राहिलेल्या माणसाच्या घराण्याला घोरपडे हे आडनाव मिळालं म्हणतात, आणि ते लोक मानानं मिरवतात. आमच्या आण्णांना तेच नाव शिवीसारखं लागलं. लग्नाच्या बोलण्यात निघालं. ऊस तोडताना निघालं. "काय घोरपड, आज मोळी उचलतोस का चिकटून बसतोस?" दोन-तीन वर्षांत त्यांनी लंगोट खुंटीला टांगला.

मला त्या वेळी एक प्रश्न पडला होता आणि तो अजून आहे. 72 च्या दुष्काळात आमच्या वडिलांनी काय केलं? काही केलं नाही. पिकवलं नाही, कारण पिकण्यासारखं काही नव्हतं. रोजगार हमीवर खडी फोडली, बैल पाहुण्यांकडं नेऊन बांधले, आणि सव्वादोन एकरांतला एक गुंठासुद्धा विकला नाही. सावकार रोज येऊन बसायचा. वडील जमिनीवर पालथे पडल्यासारखे राहिले. पाऊस आल्यावर गावानं त्यांना शहाणा म्हटलं. वरून दीडपट ओझं आलं असताना माणूस पाठ लागू देत नाही, तर शेतात ते शहाणपण आणि हौद्यात ती लाज, हे कसं?

आमचे वस्ताद याला उत्तर देत. ते म्हणत, "शेतात बघणारा न्हाई. कुस्तीत लोक तिकीट काढून, भाकरी बांधून आल्यात. त्येंना कुस्ती द्यायची आसती." त्यात खोटं काही नाही. पैलवान दोघांसाठी लढतो, स्वतःसाठी आणि कडंनं बसलेल्यांसाठी. नुसती पाठ वाचवणारा दुसऱ्या देण्यातनं सुटत नाही. पण वस्तादांचं हे उत्तर बरोबरीच्या जोडीला लागू पडतं. दीडपट अंगाखाली सापडलेल्यानं कुस्ती द्यायची म्हणजे पाठ द्यायची.

आता हाच न्याय झिबिस्कोला लावला तर तो पास होत नाही, कारण तिथं जड तो होता. जडानं हलक्याखाली अडीच तास पडून राहायचं, हे निराळं. तरीही पडून राहण्याबद्दल मी त्याला फार दोष देत नाही. गामाच्या हाताला काय आहे हे त्याला पहिल्या मिनिटात कळलं, आणि कळल्यावर जे जमण्यासारखं होतं ते त्यानं केलं. दोष द्यायचा तर 17 तारखेचा. त्या दिवशी त्यानं यायला पाहिजे होतं. पडायचं तर पडायचं, पण यायचं. पालथा पडलेला माणूस निदान हौद्यात असतो.

म्हणून पतियाळाची कुस्ती मी त्याच्या बाजूनं बघतो. अठरा वर्षं मधे गेली होती. झिबिस्को अठ्ठेचाळीस वर्षांचा, गामा पन्नाशीला टेकलेला. झिबिस्को काही टाकाऊ मल्ल नव्हता. अमेरिकेत तेव्हा पुष्कळशा कुस्त्यांचा निकाल आधीच ठरलेला असायचा. 1925 साली फिलाडेल्फियात मन नावाच्या धिप्पाड चॅम्पियनपुढं यानं पडायचं, असं ठरलं होतं. यानं ऐन वेळी ते मोडलं, त्याला खरोखर पाडलं आणि जगज्जेतेपद घेतलं. शब्द मोडला हे बरं नव्हे, त्यामागं दुसऱ्या धंदेवाल्यांची फूस होती असंही सांगतात. पण अंगात जोर होता, हे नक्की. असा माणूस पन्नाशीच्या उंबऱ्यावर समुद्र ओलांडून परमुलखात आला, ज्याला भिऊन एकदा घरी बसला होता त्याच्यापुढं हजारो लोकांत उभा राहिला, आणि या वेळी पालथा पडला नाही. उभ्यानं भिडला आणि मिनिटाच्या आत अस्मान बघितलं. कुणी म्हणेल, पैशासाठी आला. आला असेल. आमचे जत्रेतले पैलवान काय नारळासाठी येतात? पण 17 तारखेचं देणं त्यानं त्या दिवशी फेडलं. पतियाळाची कुस्ती मोठी असेल तर ती झिबिस्कोची मोठी. गामाला त्यात नवं काय मिळालं? हा माणूस आपण पाडू शकतो हे त्याला अठरा वर्षांपूर्वीच माहीत होतं.

पुढच्या साली पीटरसन नावाचा एक मल्ल आला, तोही दोन मिनिटांच्या आत गेला. त्यानंतर गामाला जोडच उरली नाही. कारकिर्दीत एकदाही हरला नाही, असं त्याच्याबद्दल सांगतात, आणि आपण ते ऐकून खूश होतो. मला त्यात त्याचे वाया गेलेले दिवस दिसतात. ऐन भरात असताना अमेरिकेचा फ्रँक गॉच जगज्जेता होता, त्याच्याशी गाठ पडलीच नाही. नंतर रोज पहाटे उठून मेहनत करायची आणि समोर कुणी नाही. चांगलं बी, चांगली जमीन, आणि पेरायला तिथीच येत नाही, तसं.

फाळणी झाली तेव्हा तो लाहोरात होता, सत्तरीला आलेला. दंगलीत त्याच्या गल्लीतल्या हिंदूंच्या घरांवर जमाव चालून आला तेव्हा हा आपल्या माणसांनिशी आडवा उभा राहिला, आणि पुढं त्या कुटुंबांना सरहद्दीपर्यंत पोचवायची सोय केली, असं त्याच्या घरचे सांगत आले. शेवटची वर्षं आजारात आणि अडचणीत गेली. हिंदुस्थानातनं घनश्यामदास बिर्लांनी मदत पाठवली. 1960 साली गेला. लाहोरच्या त्या रात्रीला काही जण गामाची सगळ्यात मोठी कुस्ती म्हणतात. ते बोलायला छान आहे, पण कुस्तीला कुस्ती म्हणावी आणि माणुसकीला माणुसकी. शेजाऱ्याचा जीव वाचवायला गामा असावं लागत नाही. पुष्कळ साध्या माणसांनी त्या दिवसांत ते केलं, त्यांचे फोटो कुठल्या तालमीत नाहीत.

मग गामाची कुस्ती कुठली? माझ्या हिशोबानं रहीमबक्ष सुलतानीवाल्याशी झालेल्या. हा गुजराणवाल्याचा, गामापेक्षा वयानं मोठा, उंची जवळपास सात फूट सांगतात, त्या काळचा रुस्तुम-ए-हिंद. पहिल्यांदा भिडले तेव्हा गामा सतरा वर्षांचा पोरगा होता. तासन्‌तास झुंज झाली आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढं पुन्हा भिडले, पुन्हा बरोबरी. विलायतेहून आल्यावर अलाहाबादेत गामा त्याच्यावर जिंकला आणि रुस्तुम-ए-हिंद झाला. मला मोलाची वाटते ती अलाहाबादच्या आधीची बरोबरी. तिथं दोघंही पडून राहिले नव्हते, दोघांनी एकमेकांना सगळं दिलं होतं आणि तरी निकाल लागला नाही. सतरा वर्षांच्या पोराला आपल्या हाताचं माप त्या दिवशी कळलं असणार. म्हातारपणी कुणीतरी विचारलं, सगळ्यात भारी जोड कोण होता? गामानं झिबिस्कोचं नाव घेतलं नाही, रोलरचं घेतलं नाही. रहीमबक्षचं घेतलं.

हे मी एकदा आण्णांना सांगितलं. ते गोठ्यात वैरण टाकत होते. ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. म्हशीला पाणी दाखवून आले आणि मग म्हणाले, "नदीपल्याडचा त्यो, न्हाई का. मानंवर हात टाकला तवाच कळलं मला, ह्यो काय आपल्याला पडायचा न्हाई. पर त्यालाबी कळलं आसंल की."

तो पैलवान दर बेंदराला गुळाची ढेप घेऊन आमच्याकडं यायचा. आण्णा आणि तो ओट्यावर दोन-दोन तास बसायचे. कुस्तीचं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. बैलांचं आणि पावसाचंच चालायचं.