वणाची मुदत

भिवंडी तालुक्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथे गरम पाण्याची कुंडे आहेत. वज्रेश्वरीचे देऊळ चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेतल्या नवसाचे, १७३९ सालातले. कुंडांची ख्याती मात्र कातडीच्या दुखण्यांवरची. खरूज जाईल, नायटा जाईल, जमलेच तर मागे राहिलेला वणही पुसट होईल, या भरवशावर माणसे काठाशी बसतात. पाय बुडवतात, चटका बसला की उचलतात, पुन्हा बुडवतात.

वण या पाण्याला दाद देत नाही. तो कातडीवर बसलेला मळ नव्हे. ती कातडीच आहे, घाईत विणलेली. निरोगी त्वचेत कोलॅजनचे धागे उलटसुलट गुंतलेले असतात, वणात ते बहुतेक एकाच अंगाला धावतात. भिवंडीच्या मागवाल्याच्या भाषेत, ताणा घातला आणि बाणा भरायचा राहिला. तिथे केस येत नाहीत, घाम फुटत नाही, बळही मूळच्या ८० टक्क्यांपलीकडे जात नाही. पण काम थांबलेले नसते. शरीर हे धागे उसवत, नव्याने लावत राहते; वर्षभर, कधी दोन वर्षे. लाल, ताठ वण मऊ आणि फिका होतो तो त्यातूनच.

सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम सांगितले. त्यांत कृष्णकर्म, पांडुकर्म, रोमसंजनन, म्हणजे रंग जुळवणे, केस उगवणे, हेही आहे. पण शोधन-रोपण, म्हणजे जखम साफ करणे आणि भरून आणणे, उरकल्यावर. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आपण खपली धरायच्या आत आरसा मागतो. त्यात घरात लग्नाची मुलगी असली तर विचारूच नका! मग मेडिकलमधून कोणीतरी सुचवलेली ट्यूब येते, तिच्यात स्टेरॉइड निघते, आणि महिनोन्‌महिने चोळून चेहऱ्याची कातडी पातळ होते. खरे उपाय कंटाळवाणे आहेत: खपली खरवडू नये, ऊन लागू देऊ नये, जखम पुरती भरल्यावर सिलिकॉनची पट्टी दिवसाचे बारा तास, दोन-तीन महिने लावावी. केलॉइड, म्हणजे जखमेच्या हद्दीबाहेर वाढलेला वण, नुसता कापला तर बहुधा पुन्हा येतो, कधी आधीपेक्षा मोठा.

चेहऱ्यावरचे वण या देशात सर्वांत जास्त कमी केले ते कुठल्याच मलमाने नव्हे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. १९७५ साली देशातला शेवटचा रुग्ण सापडला. त्या लशीचा वाटोळा वण जुन्या माणसांच्या दंडावर अजून दिसतो. तो घालवायला औषध मागणारा मला तरी कोणी भेटलेला नाही.