धाक आणि न्याय

फैजपूर हे खानदेशातील, सातपुड्याच्या पायथ्याकडचे गाव. समुद्र तेथून फार दूर. तथापि विमानवाहू नौकेचा ताफा बाळगणे न्याय्य केव्हा, हा प्रश्न निघाला म्हणजे आम्हांस हेच गाव आठवते. डिसेंबर १९३६ मध्ये येथे राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. साम्राज्यवादी युद्धात हिंदुस्थान सहभागी होणार नाही, असे तेथे निक्षून सांगण्यात आले. अध्यक्षस्थानी पंडित जवाहरलाल नेहरू होते. पुढे १९५७ साली त्यांच्याच सरकारने ब्रिटनमध्ये अपुरी राहिलेली एक विमानवाहू नौका विकत घेतली, आणि ४ मार्च १९६१ रोजी ती ‘विक्रान्त’ या नावाने आरमारात रुजू झाली. यात विसंगती आहे काय?

अशी नौका म्हणजे तरता विमानतळच होय. तिची विमाने क्षितिजापलीकडे प्रहार करितात. परंतु पाणबुडीपासून तिचे रक्षण इतरांस करावे लागते. म्हणून विनाशिका, फ्रिगेटी व तेलवाहू जहाजे यांच्या परिवारासह ती निघते. मे १९४२ मध्ये प्रवाळसमुद्रात जपान व अमेरिका यांचे ताफे झुंजले, तेव्हा एका पक्षाच्या जहाजांस दुसऱ्याची जहाजे दिसलीही नाहीत. जेथे शत्रूचे मुखही दिसत नाही, तेथे विवेक अधिकच जागा असावयास हवा.

डिसेंबर १९७१ मध्ये ‘विक्रान्त’च्या विमानांनी चितगाव व कॉक्स बझार येथे बाँब टाकले. त्याच महिन्यात ‘एंटरप्राइझ’ या नौकेसह अमेरिकेचा ताफा बंगालच्या उपसागरात आला आणि एकही गोळा न डागता परतला. हिंसेचेच माप लावले, तर दोषी आपण ठरतो. कारण त्या बंदरांतही माणसेच राहत होती. तरीही आम्ही त्या ताफ्यास अन्यायी म्हणतो, कारण ज्या सत्तेच्या जुलमामुळे सुमारे एक कोटी माणसे घरदार सोडून भारतात आली, तिच्या पाठीशी तो धाक उभा होता.

यावरून एवढे सिद्ध होते, की धाक हीदेखील एक कृतीच आहे. गोळा न सुटला म्हणून धाक घालणारा निर्दोष ठरत नाही. हाच न्याय आम्हांसही लागू आहे. प्रत्येक राष्ट्र आपला पक्ष न्याय्यच मानते, हा आक्षेप खरा. म्हणूनच आपला ताफा दुसऱ्याच्या किनाऱ्यावर उभे राहून पाहण्याची सवय हवी.

आमच्या मते फैजपूरच्या त्या ठरावाचे मर्म शस्त्रत्यागात नव्हते. आपणांस न विचारता कोणी आपणांस युद्धात ओढू नये, यात होते. ‘विक्रान्त’ १९९७ साली निवृत्त झाली व पुढे मुंबईत मोडली गेली. त्याच नावाची, स्वदेशात बांधलेली नौका २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे आरमारात दाखल झाली. तिचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु ती कोठे व कशासाठी चालली, हे फैजपूरचा केळीबागाईतदार विचारू शकतो आणि त्यास उत्तर मिळते, तोवरच ती आमची. तो प्रश्न ज्या दिवशी उद्धटपणा ठरेल, त्या दिवशी तिच्यावरील ध्वज आमचा असूनही ताफा साम्राज्याचा झालेला असेल.