यंत्रांचा जीर्णोद्धार

देवालयाचा जीर्णोद्धार करणारास नवें देवालय बांधणाराहून अधिक पुण्य लागतें, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. अहल्याबाईंचें नांव आज घरोघर निघतें, तें त्यांच्या राज्यकारभाराइतकेंच काशी-सोमनाथापर्यंत त्यांनीं उभारलेल्या देवळांमुळें. परंतु जी वस्तु केवळ शत्रूच्या नाशासाठीं घडविली गेली, जिच्यापुढें कोणीं कधीं निरांजन ओवाळलें नाहीं, तिचा जीर्णोद्धार करणारास कोणत्या पंक्तीस बसवावयाचें? इंग्लंडांत अशा माणसांचा एक संप्रदायच झाला आहे. नौदलाचीं जुनीं जेट विमानें मोडीच्या बाजारांतून सोडवून आणावयाचीं, जहाजाच्या पोटांत मावावीं म्हणून मिटते केलेले त्यांचे पंख पुन्हा हलते करावयाचे, आणि शक्य झालें तर तीं आकाशांत उडवावयाचीं, हा त्यांचा व्यवसाय, नव्हे, व्यसन. त्यांना वेडे म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण वेडाची चिकित्सा केल्यावांचून कोणास वेडा ठरविणें शहाण्यास शोभत नाहीं.

या खटपटीचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 'सी व्हिक्सन'. दुहेरी शेपटीचें आणि दोन एंजिनांचें हें अवजड विमान 1959 पासून 1972 पर्यंत ब्रिटिश नौदलाच्या सेवेंत होतें. त्यांत वैमानिकाची बैठक मध्यभागीं नसून डावीकडे. उजवीकडे खालीं, जवळजवळ अंधारांत, रडार पाहणारा त्याचा सोबती. सुमारें दीडशें विमानें बांधलीं गेलीं. त्यांतील पन्नासांहून अधिक अपघातांत नष्ट झालीं आणि सुमारें तितकेच तरुण प्राणांस मुकले. हे आंकडे युद्धाचे नव्हेत, नित्याच्या कामगिरीचे आहेत. या जातीचें एकच विमान पुढें उडतें राहिलें. 2014 सालीं तें नौदलाचा हवाई वारसा जपणाऱ्या एका न्यासाकडे आलें. 27 मे 2017 रोजीं डक्सफर्डच्या प्रदर्शनाहून परततांना त्याची द्रवदाबाची यंत्रणा निकामी झाली, चाकें खालीं येईनात, आणि वैमानिकानें तें यिओव्हिल्टनच्या धांवपट्टीवर पोटावर उतरविलें. वैमानिक सुखरूप बाहेर आला. विमानाची हानि मात्र अशी झाली, कीं तें पुन्हा उडविण्याचा खर्च लक्षावधि पौंडांच्या घरांत गेला.

आतां असें समजा, कीं तो पैसा जमला. कुजलेला पत्रा काढून नवा बसविला, एंजिन दुसरीकडून आणलें, तारा सगळ्या बदलल्या. मग तें 'तेंच' विमान कसें? थीसियसच्या नौकेवरून ग्रीकांनीं हा वाद पुष्कळ घातला. आपल्याकडे तो पुरीच्या जगन्नाथानें केव्हांच निकालांत काढला आहे. 2015 सालीं नवकलेवराच्या वेळीं जुन्या लांकडी मूर्ति पुरल्या गेल्या, त्यांतील गूढ ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तींत गेला, आणि देव बदलला असें कोणाही भाविकाच्या मनांत आलें नाहीं. तेथें श्रद्धा जें काम करते, तें यंत्राच्या बाबतींत कोण करणार? माझ्या मतें, त्याची क्रिया. खुंटीवर वर्षानुवर्षें टांगलेला तंबोरा म्हणजे लांकूड आणि भोपळा. संग्रहालयांतील थंडगार विमान पाहून या लोकांचें समाधान होत नाहीं, याचें कारण हेंच असावें, आणि त्यांचें असमाधान मला खोटें वाटत नाहीं. अडचण एवढीच, कीं तंबोरा वाजविल्यानें संपत नाहीं. विमानाच्या धातूला प्रत्येक उड्डाणागणिक थकवा येतो, आणि तो मोजून ठेवावा लागतो.

शिवाय तंबोरा कोणाच्या डोक्यावर पडत नाहीं! 6 सप्टेंबर 1952 रोजीं फार्नबरो येथें सी व्हिक्सनचाच पूर्वज हजारों लोकांसमक्ष हवेंत फुटला. वैमानिक जॉन डेरी व त्याचा सोबती टोनी रिचर्ड्स यांच्याबरोबर 29 प्रेक्षक ठार झाले. 22 ऑगस्ट 2015 रोजीं शोरहॅम येथें 'हंटर' जातीचें एक जुनें जेट (हें नौदलाचें नव्हतें) कसरत करतांना हमरस्त्यावर कोसळलें आणि 11 माणसें गेलीं. वैमानिक वांचला. मेलेल्यांपैकीं कित्येक तर प्रदर्शन पाहावयासही आलेले नव्हते. आपल्या वाटेनें चालले होते. वैमानिक आपला जीव स्वखुषीनें पणास लावतो, त्यास आपण फार तर साहसी म्हणूं. परंतु वाटसरूची संमति कोणीं विचारली? त्यानंतर ब्रिटनमधील विमान-अधिकाऱ्यांनीं जुन्या जेटांना जमिनीवरील आकाशांत कसरतींची मनाई केली, तेव्हां पुष्कळ रसिक हळहळले. मला ती मनाई सर्वथैव न्याय्य वाटते. वारसा जपण्याचा हक्क ज्याचा आहे, त्यानेंच त्याची किंमत दिली पाहिजे.

राहिला हिंसेचा आक्षेप. 'सी हॉक' हें दुसरें नौदली जेट पाहा. त्याच्या एकुलत्या एंजिनाचा झोत दोन वाटांनीं फांकून पंखांच्या मुळाशीं बाहेर पडे. 1956 सालीं सुवेझच्या प्रकरणांत ब्रिटिशांच्या सी हॉकांनीं इजिप्तवर मारा केला; तो अन्याय होता असें जगांतील बहुतेकांचें मत पडलें. डिसेंबर 1971 मध्यें आपल्या 'विक्रांत'वरून उडालेल्या सी हॉकांनीं चितगांव आणि कॉक्स बाझारवर हल्ले चढविले, तेव्हां त्या यंत्राचा आपल्याला अभिमान वाटला. घडण तीच, पत्रा तोच. दसऱ्याला आपण शस्त्र पुजतों, तेव्हां त्यानें कोणाला कापलें हें विचारीत नाहीं. पण विमान पुन्हा उभें करणारास तें विचारावेंच लागेल. रंग चकचकीत करून सुवेझचें पान फाडलें, तर तो जीर्णोद्धार नव्हे, शृंगार होय.

'विक्रांत'चें पुढें काय झालें तें मुंबईकरांस ठाऊक आहे. 1997 सालीं ती निवृत्त झाली, 2001 पासून कांहीं वर्षें तरंगतें संग्रहालय म्हणून उभी राहिली, 2012 सालीं धोक्याची म्हणून बंद झाली, आणि 2014 सालीं लिलांवांत विकली जाऊन दारूखान्यांत तोडली गेली. 2016 सालीं तिच्या धातूचा अंश घातलेल्या मोटारसायकली बाजारांत आल्या. ज्यांनीं त्या घेतल्या त्यांच्या भावनेचा मी अनादर करीत नाहीं. परंतु पेट्रोलच्या टांकींत मिसळलेल्या त्या लोखंडांत विक्रांत कोठें आहे, हें मला अद्याप उमगलेलें नाहीं.

गोव्यांत, दाभोळी विमानतळाजवळ, नौदलाच्या हवाई संग्रहालयांत एक सी हॉक उभें आहे. तें उडावें असें मी म्हणणार नाहीं. खाऱ्या वाऱ्यापासून त्याचा बचाव झाला तरी पुष्कळ. पण सी हॉक सेवेंतून गेल्याला चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. ज्या हातांनीं त्याचें एंजिन खोललें आणि जोडलें, ते हात आतां म्हातारे झाले आहेत. कोणता नट किती आंवळावयाचा, कोणता आवाज ऐकून एंजिन तत्काळ बंद करावयाचें, यांतलें सारेंच पुस्तकांत उतरलेलें नसतें. इंग्लंडांतील त्या छांदिष्टांच्या छपराखालीं अशा म्हाताऱ्याशेजारीं एखादा विशीचा मुलगा हातांत पाना घेऊन उभा असतो. आपल्याकडील अशा एखाद्या निवृत्त कारागिराच्या घरीं कोणी वही घेऊन जाईल, तर अजून वेळ आहे.