मालकीचा वाद आणि माणसाची प्रतिष्ठा

मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय आणि राज्य मानवी हक्क आयोगांकडे जमिनीच्या व बांधकामाच्या तक्रारी येत असतात : कोणाचा बांध कोरलेला असतो, कोणाची वहिवाटीची वाट अडवलेली असते, कोणाच्या सातबाऱ्यावर परस्पर फेरफार नोंदवलेला असतो, तर कोणाच्या दाराशी शेजाऱ्याने भिंत उभी केलेली असते. यांतील ज्या तक्रारी निव्वळ मालकीच्या असतात त्या उंबरठ्यावरूनच परत जातात, कारण राष्ट्रीय आयोगाच्या १९९४ च्या कार्यपद्धती विनियमांनुसार मालमत्तेचे हक्क, करारातील बंधने अशा दिवाणी स्वरूपाच्या वादांची दखल सामान्यतः घेतली जात नाही. तक्रारदाराला हा नकार सहजासहजी उमगत नाही. ज्या जमिनीवर त्याचे पोट आणि गावातील पत अवलंबून असते तिच्यावरील आक्रमण हे त्याच्या माणूसपणावरील आक्रमण का मानू नये, हा त्याचा प्रश्न असतो. या प्रश्नाला कलमांचे आकडे सांगून उत्तर देता येत नाही. मालकी म्हणजे काय आणि माणूस म्हणून मिळणारा हक्क म्हणजे काय, याचा मुळापासून विचार केल्यावरच आयोगाची मर्यादा कुठे योग्य ठरते आणि कुठे ती अन्यायाला आडोसा देते, हे स्पष्ट होते.

कायद्याच्या व्याख्येनुसार मानवी हक्क म्हणजे व्यक्तीचे जीवित, स्वातंत्र्य, समानता आणि प्रतिष्ठा यांच्याशी निगडित असे हक्क, जे संविधानाने हमी दिलेले किंवा आंतरराष्ट्रीय करारनाम्यांत अंतर्भूत असून भारतीय न्यायालयांकडून अंमलात आणता येतात. या हक्कांचे उल्लंघन झाले असेल, त्याला चिथावणी किंवा साहाय्य मिळाले असेल, अथवा ते रोखण्यात लोकसेवकाने हयगय केली असेल, तर आयोग तक्रारीवरून किंवा स्वतःहून चौकशी करतो. चौकशीपुरते त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात, म्हणजे साक्षीदाराला बोलावणे, शपथपत्र घेणे, सरकारी दप्तर मागवणे या गोष्टी तो करू शकतो. मात्र दिवाणी न्यायालयाप्रमाणे हुकूमनामा देऊन जमिनीचा ताबा एकाकडून काढून दुसऱ्याला देणे त्याला शक्य नसते. चौकशीअंती नुकसानभरपाईची, खटल्याची किंवा अन्य कारवाईची शिफारस करणे आणि गरज पडल्यास उच्च वा सर्वोच्च न्यायालयाकडे जाणे, एवढाच त्याच्या अधिकाराचा पल्ला आहे.

अशी विभागणी आधुनिक कायद्यानेच प्रथम केली असे मानण्याचे कारण नाही. धर्मशास्त्रकारांनी न्यायालयापुढे येणाऱ्या वादांचे जे अठरा प्रकार सांगितले, त्यांना व्यवहारपदे म्हणतात, आणि त्यांत सीमाविवाद, म्हणजे शेताच्या वा गावाच्या हद्दीचा तंटा, आणि साहस, म्हणजे बळजोरीने केलेले कृत्य, ही दोन स्वतंत्र पदे आहेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हद्द ठरवण्यासाठी जमिनीखाली पुरून ठेवलेल्या हाडे, कोळसा, दगड अशा खुणांचा आणि शेजारच्या गावकऱ्यांच्या साक्षीचा आधार सांगितला आहे, आणि ती साक्ष मिळत नसेल तर गुराखी, कोळी, पारधी अशा रानात वावरणाऱ्या लोकांनाही विचारावे असे म्हटले आहे. त्याच प्रकरणात दुसऱ्याचे घर, तळे, बाग किंवा शेत भय दाखवून बळकावणाऱ्याला पाचशे पणांचा, तर अजाणता तसे करणाऱ्याला दोनशे पणांचा दंड सांगितला आहे. बळकावलेले शेत दोन्ही वेळी तेच असले तरी दंडात एवढे अंतर पडते, कारण हद्द कोणाची हा एक प्रश्न आणि हद्द ओलांडताना माणसाला कसे वागवले हा दुसरा प्रश्न, हे भान त्या विचारात आहे. मराठेशाहीतही वतनाचे आणि हद्दीचे तंटे गोतसभेपुढे, म्हणजे गावातील वतनदार व जाणत्या मंडळींच्या सभेपुढे, दोन्ही पक्षांना समोरासमोर ऐकून सुटत आणि निर्णयाचा महजर उपस्थितांच्या साक्षीने लिहिला जाई. जमिनीचा निवाडा एका पक्षाच्या दुःखावरून होत नाही, त्याला दुसरा पक्ष आणि गावाची साक्ष लागते, हे त्या पद्धतीचे गृहीतक होते.

याच्या मुळाशी मालकीविषयीची एक तात्त्विक भूमिका आहे. याज्ञवल्क्य स्मृतीवरील मिताक्षरा या टीकेत विज्ञानेश्वराने स्वत्व, म्हणजे वस्तूवरील मालकी, शास्त्राने निर्माण होते की लोकव्यवहाराने, असा प्रश्न घेऊन ते लौकिक आहे असा निर्वाळा दिला. ज्यांनी शास्त्र कधी ऐकलेही नाही अशा सीमेपलीकडील लोकांतही खरेदी-विक्री चालते, हे त्याने त्यासाठी दाखवून दिले. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात, सर्वस्वदान करावयाच्या विश्वजित यज्ञात सार्वभौम राजाला पृथ्वी दान करता येईल काय, अशी चर्चा आहे, आणि शबराच्या भाष्याचा निष्कर्ष असा की भूमी सर्वांना समान असल्याने ती देऊन टाकण्याचा अधिकार राजाला नाही. दोन्ही विचार एकत्र पाहिले तर असे दिसते की मालकी माणसाबरोबर जन्माला येत नाही. माणसे परस्परांशी जे व्यवहार करतात त्यांतून ती निपजते, व्यवहारानेच हस्तांतरित होते आणि व्यवहाराच्या पुराव्यानेच सिद्ध करावी लागते.

पाश्चात्त्य परंपरेत लॉकने १६८९ च्या सुमारास मालकीचा उगम श्रमात शोधला, म्हणजे जमीन कसणाऱ्याने तिच्यात आपले कष्ट मिसळले म्हणून ती त्याची झाली, असे मांडले. कांटने १७९७ च्या आपल्या ग्रंथात याला मूलभूत हरकत घेतली : एखादी वस्तू माझी आहे असे म्हणणे म्हणजे इतर सर्वांवर तिच्यापासून दूर राहण्याचे बंधन घालणे, आणि एका माणसाच्या एकतर्फी इच्छेने असे बंधन निर्माण होऊ शकत नसल्याने, सार्वजनिक कायदा आणि न्यायाधीश अस्तित्वात येईपर्यंत कोणताही ताबा तात्पुरताच राहतो. छळ न होण्याचा हक्क मात्र या जातीचा नाही. तो सिद्ध करण्यासाठी माणसाला खरेदीखत, मोजणीचा नकाशा किंवा वारसाची नोंद दाखवावी लागत नाही. तो माणूस आहे एवढे पुरते. मालकीचा हक्क पुराव्याने एकाला मिळतो आणि त्याच क्षणी दुसऱ्याला नाकारला जातो, तर प्रतिष्ठेचा हक्क एकाला मिळाल्याने दुसऱ्याचा कमी होत नाही.

आयोगाच्या मर्यादेचे खरे समर्थन या भेदात आहे. मानवी हक्कांची चौकशी स्वभावतः असमान पक्षांतील असते : एका बाजूला सत्ता आणि दुसऱ्या बाजूला व्यक्ती, म्हणून तीत सत्तेकडे जाब मागितला जातो. मालकीच्या वादात मात्र दोन समान नागरिक समोरासमोर असतात. उलटतपासणी, दस्तऐवजांची सिद्धता आणि अपील यांशिवाय आयोगाने त्यांपैकी एकाला मालक ठरवले, तर दुसऱ्याचा निष्पक्ष सुनावणीचा हक्क हिरावला जाईल, आणि मानवी हक्कांच्या रक्षकाच्याच हातून मानवी हक्काचा भंग होईल. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात मालकी आणि ताबा यांविषयीचे वादग्रस्त प्रश्न ठरवण्याचा अधिकार मानवी हक्क आयोगाला नाही असे म्हटले, ते या दृष्टीने तत्त्वतःही योग्य आहे. सातबाऱ्यावरील नोंदसुद्धा अंतिम मालकीचा पुरावा मानली जात नाही, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती खरी गृहीत धरली जाते एवढेच. मग केवळ तक्रारअर्ज आणि अहवाल यांवरून मालक ठरवणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

यावर असा आक्षेप येतो की न्यायालयानेच मालमत्तेच्या हक्काला मानवी हक्क म्हटले आहे. हा आक्षेप गंभीर आहे, कारण या हक्काचा इतिहास दोलायमान आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या सतराव्या कलमात मालमत्ता धारण करण्याचा हक्क होता, परंतु राष्ट्रांमध्ये एकमत न झाल्याने १९६६ च्या दोन्ही करारनाम्यांत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले नाही. तेथे पुरेशा निवाऱ्याचा हक्क मात्र आला. भारताने हे करारनामे १९७९ मध्ये स्वीकारले, आणि त्याच वर्षी चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती अंमलात येऊन मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून निघाला व कलम ३००अ मध्ये, कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावली जाणार नाही, या स्वरूपात उरला. हिमाचल प्रदेशातील एका निरक्षर विधवेची जमीन १९६७ च्या सुमारास संपादनाची प्रक्रिया न करताच रस्त्यासाठी घेतली गेली होती. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई देवविताना मालमत्तेच्या हक्काला मानवी हक्क म्हटले. त्या प्रकरणात जाब द्यावा लागला तो राज्यसंस्थेला, आणि प्रश्न होता तो प्रक्रिया डावलल्याचा. त्यातून शेजाऱ्या-शेजाऱ्यातील बांधाचा तंटा मानवी हक्काचा होतो असा अर्थ निघत नाही.

याच्या उलट बाजूने मुंबईच्या पदपथवासीयांचा ओल्गा टेलिस खटला अधिक बोलका आहे. १९८५ मध्ये घटनापीठाने उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात समाविष्ट असल्याचे सांगितले, पण पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. जागा त्यांची नव्हती, तरीही त्यांना हटवण्यापूर्वी त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे हे तत्त्व त्यातून पुढे आले. पाडकामांविषयी नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेले निर्देशही याच दिशेचे आहेत : किमान पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी आणि कारणांसह आदेश यांशिवाय घर पाडता येणार नाही, मात्र रस्ता, पदपथ, जलाशय अशा सार्वजनिक जागेवरील अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही. मालकी नसलेल्यालाही प्रतिष्ठा असते आणि मालकी असलेल्यालाही तिच्या जोरावर दुसऱ्याची प्रतिष्ठा तुडवता येत नाही, हे या निर्णयांचे सार आहे.

तरीही मर्यादेचे समर्थन येथे थांबले तर ते अपुरे राहील, कारण प्रत्यक्षात ‘दिवाणी स्वरूपाचे प्रकरण’ हे शब्द अनेकदा सत्तेच्या सोयीचे ठरतात. घरात घुसून मारहाण झाली तरी पोलीस ठाण्यात जमिनीचा वाद म्हणून तक्रार घेतली जात नाही, महसूल कार्यालयात नोटीस न बजावता फेरफार मंजूर होतो, नियोजन प्राधिकरणाकडे अनधिकृत बांधकामाच्या तक्रारी पडून राहतात आणि दुर्बलाच्या झोपडीवर मात्र कारवाई तत्परतेने होते. या सर्वांत जमीन ही पार्श्वभूमी असून तक्रारीचा विषय लोकसेवकाचे वर्तन हा असतो. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात कागद, कचेरी आणि कोर्ट यांच्या जाळ्यात शेतकरी कसा नागवला जातो हे मांडले, तेव्हा त्यांचा रोख याच यंत्रणेवर होता. १९८९ च्या अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायद्याने या समाजांतील व्यक्तीची जमीन अन्यायाने बळकावणे हा अत्याचाराचाच एक प्रकार मानला आहे, कारण सामाजिक सत्तेचा वापर झाला की मालकीचा तंटा प्रतिष्ठेवरील हल्ल्यात बदलतो. अशा तक्रारीत जमिनीचा उल्लेख आहे म्हणून ती फेटाळणे ही मर्यादेची चुकीची समजूत होय.

आयोगापुढे आणखी दोन अडचणी आहेत. घटनेला एक वर्ष उलटल्यावर चौकशी करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि जमिनीचे अन्याय तर पिढ्यान्‌पिढ्या मुरतात. शिवाय आयोगाच्या शिफारशी शासनावर कितपत बंधनकारक आहेत याविषयी मतभेद राहिले आहेत, जरी मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२१ मध्ये त्या बंधनकारक असल्याचे म्हटले. दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे निकाल लागत नाही, म्हणून आयोगानेच झटपट न्याय द्यावा, ही अपेक्षा समजण्याजोगी आहे, परंतु तिचा परिणाम उलटा होईल. पुराव्याच्या कसोटीशिवाय मालकी ठरवणारी वाट मोकळी झाली, तर तिच्यावरून प्रथम चालणारा माणूस बहुधा वजनदार असेल आणि मागे राहणारा तोच असेल, ज्याच्यासाठी आयोग निर्माण झाला. दिवाणी दाव्यांचा विलंब ही राज्यसंस्थेची चूक आहे, आणि ती दुरुस्त करण्याचे ठिकाण न्यायव्यवस्था हेच आहे.

म्हणून आयोगाने तक्रारीत जमीन आहे काय हे न पाहता तीत राज्यसंस्थेच्या कृतीने किंवा निष्क्रियतेने माणसाचे जीवित, निवारा वा प्रतिष्ठा यांना धक्का बसला आहे काय, हे पाहावे. जमीन कोणाची याचे उत्तर त्याने कधीही देऊ नये, कारण ते देण्याची रीत त्याच्याकडे नाही. पण नोटिशीविना घर का पाडले, मार खाल्लेल्याची तक्रार का घेतली नाही, खोटी नोंद कोणी मंजूर केली, हे विचारण्यात त्याने संकोच करू नये. मालक कोण हे ठरेपर्यंत, आणि ठरल्यानंतर हरलेल्या पक्षालाही, माणूस म्हणून वागवले गेले की नाही, याचा जाब मागणे हेच आयोगाचे काम आहे.