पितळेची पिन

देवबागच्या एका तरुणाकडे पायडलवर चालणारी कयाक होती. सायकलीसारखे पाय मारायचे. तो फेरा बेव्हल गिअरमधून उभ्या दांड्यात उतरतो आणि खालच्या जोडीतून पाण्यातल्या पंख्याला मिळतो. पंख्याला दांड्याशी जखडून ठेवते ती एक आडवी पिन. जाडी पाच मिलिमीटर.

कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे तो कयाक घेऊन जाई. तळाशी वाळूचे पट्टे, मधेच खडक. पंखा आपटला की पिन तुटे. एका मोसमात तीनदा तुटली. परदेशातून नवी यायला महिना लागे आणि तोवर कयाक माडाखाली पालथी पडून राही.

शेवटी तो फोंडा घाट चढून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेला. लेथवरच्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी पहिला प्रश्न केला, "मोडकी पिन कुठाय?"

"टाकून दिली. माप आणलंय."

"मापानं जाडी कळंल. मोडली कशी, ते कशानं कळायचं?"

"ते जाऊ द्या, मेस्त्री. परत मोडणार नाही अशी करा. भोक वाढवून सहाची बसवा, कडक पोलादाची."

"पाचाचा वर्ग पंचवीस, सहाचा छत्तीस. नुसत्या जाडीनं जोर जवळजवळ दीडपट झाला. वर पोलाद. मग खडकाचा दणका जाणार कुठं?" मेस्त्रींनी मान हलवली. पितळेची करून देतो म्हणाले.

तरुणाने ऐकलं नाही. चार दुकानं पुढे त्याला हवी तशी पिन मिळाली. तिथलं कामही चोख होतं, हे सांगायला हवं. भोक सरळ, पिन आरशासारखी. मागितलं ते मिळालं.

दोन महिने पिन टिकली. मग एका संध्याकाळी ओहोटीच्या वेळी पंखा खडकावर बसला. पिन जागची हलली नाही. दणका वर चढला, गिअरबॉक्समध्ये कड्कन आवाज झाला आणि पायडल मोकळं फिरू लागलं. वल्हं होतं, पण पाणी समुद्राकडे ओढत होतं. दोन हातांना ती ओढ आवरेना. परतणाऱ्या एका मच्छीमाराने दोर टाकला.

"पीन मोडली काय रे?"

"नाय, पीन बरी आसा. गिअराचे दात गेले."

"मगे पीन चुकीची," मच्छीमार म्हणाला. आपल्या जुन्या आउटबोर्ड इंजिनाशेजारचा डबा उघडून त्याने दाखवला. आत तेलकट फडक्यात बांधलेल्या पितळी पिना होत्या.

तरुण पुन्हा घाट चढला. या खेपेला सगळं मोडकं सोबत होतं. मेस्त्रींनी गिअरचे दात भिंगाखाली पाहिले. एकच गिअर बदलून भागणार नव्हतं. जुना नव्याला खातो, म्हणून जोडीच नवी. भोक वाढवलेला दांडाही नवा.

मग ते पिनेकडे वळले. दांडा शिकंज्यात धरला, पंख्याच्या जागी लोखंडी पट्टी बसवली आणि तिच्या टोकाला वजनं टांगत गेले. पहिली पितळी पिन फार उशिरा तुटली. दुसरीला, जिथे दांडा आणि पंखा एकमेकांना भिडतात तिथे, दोन्हीकडे बारीक खाच घेतली. तीही उशिरा. तिसरीची खाच केसभर खोल. चौथी लवकरच तुटली. नेहमीच्या पायडल मारण्यालाही ती टिकली नसती. अर्धा दिवस हा माणूस एक वस्तू जेवढ्यास तेवढी दुबळी करण्यासाठी घाम गाळत होता आणि तरुण शेजारी वजनं उचलून देत होता. पाचवी मनासारखी तुटली. तसल्याच बारा करून मेस्त्रींनी त्याच्या हातावर ठेवल्या.

त्याला दोन मोसम झाले. बारापैकी पाच पिना तुटल्या. दर वेळी त्याने पंखा वर घेतला, पाण्यावर बसल्याबसल्या नवी पिन घातली आणि पाय मारत घरी आला. तुटलेले तुकडे तो डब्यात जपून ठेवतो, मेस्त्रींना दाखवायला. गिअरची जोडी अजून तीच आहे.