कुणाच्या वतीने द्यायचे उत्तर?

दरवर्षी २० मार्चच्या सुमारास जागतिक आनंद अहवाल प्रसिद्ध होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत भारताचा क्रमांक छापून येतो. २०२४ साली तो १४३ देशांत १२६वा होता, २०२५ साली १४७ देशांत ११८वा. फिनलंड २०१८पासून पहिला आहे. या सगळ्या क्रमवारीच्या मुळाशी एकच प्रश्न असतो. एक शिडी डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात खाली शून्य, सगळ्यात वर दहा. वर तुम्हाला मिळू शकणारे चांगल्यात चांगले आयुष्य, खाली वाईटात वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात?

हा प्रश्न उमरग्यात कसा ऐकला जाईल? उमरगा सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे, धाराशिव जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. आळंद आणि बसवकल्याण ही कर्नाटकातली गावे इथून जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा जवळ आहेत. बाजारात मराठीबरोबर कन्नड आणि दखनी कानावर पडते, तांड्यांवर गोरमाटी. शेतात सोयाबीन, तूर, जमेल तिथे ऊस. घरातला एखादा मुलगा पुण्याला नाहीतर हैदराबादला. अशा घरातल्या माणसाला ‘तुम्ही कितव्या पायरीवर?’ असे विचारले, तर तो आधी घराचा हिशेब मांडतो. पोरीचे जमले का, सोयाबीनला काय भाव लागला, आईचे गुडघे, सोसायटीचे कर्ज, भावकीतला बांधाचा वाद. हे सगळे सांगून झाल्यावर तो जो आकडा देईल, तो त्याच्या एकट्याचा नसतो. तो घराच्या वतीने दिलेला असतो. शिवाय विचारणारा माणूस ओसरीवर बसला की शेजारचे दोघे-तिघे येऊन टेकतात, आणि उत्तर त्यांच्याही कानांसाठी असते.

यावर मापनशास्त्राचा जाणकार म्हणेल की ही उत्तरातली चूक आहे. ती वगळायला हवी, मुलाखत एकांतात घ्यायला हवी. एकांताची गरज मला मान्य आहे आणि तिच्याकडे मी पुढे येणारच आहे. पण घराच्या वतीने बोलणे ही चूक नाही. इथल्या माणसाचे बरेवाईट जिथे ठरते, तिथूनच तो बोलतो आहे. मापाला ते कळत नसेल, तर दुरुस्ती मापात करावी लागेल.

गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की ही शिडी ज्याने घडवली त्याला हे ठाऊक होते. हॅडली कँट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली ‘द पॅटर्न ऑफ ह्यूमन कन्सर्न्स’ हे पुस्तक लिहिले. त्यासाठी त्याने अनेक देशांत पाहण्या केल्या, त्यात भारतही होता. त्याच्या पद्धतीचे दोन भाग होते. आधी माणसाला त्याच्याच शब्दांत बोलू द्यायचे: तुझ्या लेखी चांगले आयुष्य कसे असते, तुला कशाची भीती वाटते? ते सांगून झाल्यावरच शिडी पुढे करायची. म्हणजे वरची पायरी आणि खालची पायरी ज्याची त्याने ठरवलेली. त्या पाहणीतला एक भारतीय शेतमजूर सांगतो की त्याला मुलगा हवा, स्वतःचा जमिनीचा तुकडा हवा, घर बांधायचे आहे, दुधातुपासाठी गाय हवी आणि बायकोला जरा बरे कपडे घ्यायचे आहेत. एवढे झाले की तो सुखी. भारताची सरासरी तेव्हा ३.७ आली, अमेरिकेची ६.६. पुढे रिचर्ड ईस्टरलिन या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ साली पैसा आणि सुख यांच्या नात्यावर जो गाजलेला निबंध लिहिला, त्यात हेच आकडे वापरले.

आता आकडा राहिला आणि बोलणे गेले. जागतिक अहवालाच्या क्रमवारीत पहिला भाग नाही, फक्त शिडी आहे. कारण उघड आहे: बोलणे ऐकायला वेळ लागतो, पैसा लागतो आणि त्याची यादी लावता येत नाही. पण ३.७ या आकड्यापेक्षा त्या मजुराच्या पाच इच्छांतून त्याच्या आयुष्याविषयी कितीतरी अधिक कळते. त्या पाचांत एकही इच्छा एकट्याची नाही.

उमरगा तालुक्याला मोजमापाची गरजच नाही, आपण आपले समाधानी आहोत, असे कुणी म्हणू लागले तर मी त्याला विरोध करीन. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट या भागाने पाहिली आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून गाव झोपले आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचा जड धाबा. तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचे नाव जगभर झाले, पण तेव्हा उमरगा तालुक्यात असलेली सास्तूर, पेठसांगवी ही गावेही तितकीच कोसळली. दोन्ही जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. माणसे किती गेली, घरे किती पडली, याची मोजदाद झाली. जिवंत राहिलेल्यांच्या मनाची मोजदाद फार थोड्यांनी केली. १९९६ साली छापून आलेल्या एका लहान अभ्यासात तपासलेल्या निम्म्याहून अधिक लोकांमध्ये निदान करता येईल असा मानसिक विकार आढळला होता, मुख्यतः आघातानंतरचा तणाव आणि नैराश्य. पुण्याच्या डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे कामही या भागात झाले. मोजले नसते तर ‘झालं ते झालं, लोक सावरले’ एवढेच वाक्य सरकारदरबारी शिल्लक राहिले असते.

पण त्याच पुनर्वसनाने मोजणीचा दुसरा धडाही दिला. घरे जमिनीच्या प्रमाणात दिली गेली: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या जमीनदारांना ७५०. गावांची आखणी सरळ रेषांत, रुंद रस्त्यांची. चौरस फूट, रस्त्याची रुंदी, घरांची संख्या या प्रत्येक मापात नवे गाव जुन्यापेक्षा सरस होते. तरीही जाणकारांनी तेव्हाच लिहिले की जुन्या गावठाणातली गल्लीची जवळीक, भावकीची आणि आळीची रचना, दारातून दारात होणारे बोलणे या आखणीत हरवले. माणूस सुरक्षित झाला आणि शेजाऱ्यापासून लांब गेला. ज्या गोष्टीचे माप कागदावर नव्हते, ती कुणी राखली नाही.

त्या काळात एक वेगळे कामही झाले. घरांच्या दुरुस्ती-मजबुतीच्या कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. सरकार आणि कुटुंब यांच्यामध्ये बोलण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. मानसिक स्वास्थ्याचा कार्यक्रम म्हणून कुणी त्याची आखणी केली नव्हती. पण सर्वस्व गेलेल्या बाईला गावात विचारले जाणे, तिच्या शब्दावर सिमेंटचा हिशेब होणे, याने तिच्या आयुष्यात जे बदलले ते कुठल्या पायरीवर लिहायचे?

असल्या गोष्टी मोजता येतात. पॉल बोल्टन या संशोधकाने रवांडा आणि युगांडात वापरलेली पद्धत मला या बाबतीत सर्वांत प्रामाणिक वाटते. बाहेरून तयार प्रश्नावली आणण्याआधी तो गावातल्या माणसांनाच विचारी: इथल्या धडधाकट बाईला रोजच्या जगण्यात काय काय करता यावे लागते? पुरुषाला काय काय? स्वतःसाठी, घरासाठी, गावासाठी? जी उत्तरे पुन्हा पुन्हा येत, त्यांचीच प्रश्नावली होई. मग प्रत्येकाला विचारायचे की यांतले काय तुला हल्ली जड जाते. माप गावातून निघते, आणि तरी ते आकड्यांत मांडता येते, आधीचे आणि नंतरचे ताडून पाहता येते.

उमरग्यात अशी यादी केली तर त्यात काय येईल? शेत आणि स्वयंपाक येईलच. त्याशिवाय मयतीला जाता येणे, लग्नात आहेर घेऊन ताठ मानेने उभे राहता येणे, आलेल्याला चहा पाजता येणे, दुकानदाराच्या नजरेला नजर देता येणे. कर्जात बुडालेला शेतकरी सगळ्यात आधी काय सोडतो, ते पाहावे: तो पारावर बसायचे सोडतो. नैराश्य तपासायला जगभर वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांत झोप, भूक, थकवा यांची चौकशी असते. ऊसतोडीच्या दिवसांत थकवा कुणाला नसतो? पण पारावर न दिसणारा माणूस गावाला बरोबर दिसतो, आणि प्रश्नावलीत तो नसतो.

आणि येळवस. मार्गशीर्ष अमावस्येला या पट्ट्यात शेतात कडब्याची कोप उभी राहते, पांडवांची पूजा होते, आंबिल, भज्जी, उंडे, खीर असा बेत असतो. गावात त्या दिवशी कुणी उरत नाही. ज्याला शेत नाही त्याला दुसरे कुणी आपल्या शेतात जेवायला बोलावतो. चार ठिकाणी जाऊन चार घास खाणे हीच रीत. २०२५च्या आनंद अहवालात आठवड्याच्या १४ जेवणांपैकी किती जेवणे ओळखीच्या माणसाबरोबर झाली, हे मोजले होते, आणि दक्षिण आशिया त्या यादीत तळाला होता. ते वाचून येळवशीची आठवण सांगत त्या अहवालाला खोटे ठरवण्याचा मोह होतो. मी तसे करणार नाही. कारण इथल्या कितीतरी घरांत बाई सगळ्यांची पाने उठल्यावर, चुलीपाशी, एकटी जेवते. घर भरलेले आणि तिचे ताट एकटे, हे बाहेरच्या मापाने पकडले. घराच्या वतीने येणाऱ्या उत्तरात ते कधीच आले नसते.

माझ्या म्हणण्यातली खरी अडचण इथे आहे, आणि तिला बगल देऊन चालणार नाही. नात्यांवर उभे असलेले सुख मोजायचे तर नाती कुणाला वाहावी लागतात, हेही मोजावे लागेल. जपानमध्ये हितोकोतो आणि उचिदा यांनी २०१५ साली परस्परावलंबी सुखाची मोजपट्टी मांडली. आपल्या माणसांच्या बरोबरीने आपण बरे आहोत का, आपल्यामुळे जवळच्यांना बरे वाटते का, असा तिचा रोख आहे. वैयक्तिक यशाच्या प्रश्नांपेक्षा ती आपल्या घरांना जास्त लागू पडते. पण सासरच्यांना बरे वाटावे म्हणून वर्षानुवर्षे गप्प राहिलेली बाई या पट्टीवर सुखी दिसू शकते. अमर्त्य सेन यांनी हाच इशारा दिला आहे: सततच्या वंचनेत माणूस आपल्या इच्छाच आखडून घेतो, आणि मग त्याचे ‘बरं चाललंय’ हा पुरेसा पुरावा मानता येत नाही. म्हणून बाईला वेगळे, एकांतात, बाईनेच विचारले पाहिजे. आणि विधवेला विचारायचा प्रश्न कुठल्याही जागतिक प्रश्नावलीत नाही: गेल्या वर्षात तुम्हाला कुणी हळदीकुंकवाला, लग्नात पुढे, येळवशीला शेतात बोलावले का? या भागात भूकंपाने विधवा केल्या, कर्जाने केल्या. तिची शिडी या उत्तरावर उभी आहे.

आज प्रत्यक्षात काय मोजले जाते? धाराशिव जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. २०१८पासून ४९ निर्देशकांवर त्याची प्रगती तपासली जाते: आरोग्य, शिक्षण, शेती, बँक खाती, रस्ते. ते हवेच. पण मनाविषयी त्यात काही नाही. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, ते १२ राज्यांत. महाराष्ट्र त्यात नव्हता. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ साली या जिल्ह्यात आणि यवतमाळात बळीराजा चेतना अभियान सुरू झाले, आशाताईंनी घरोघरी जाऊन माहिती घेण्याचा प्रेरणा प्रकल्पही आला. म्हणजे आपल्याकडे मन मोजायची वेळ येते ती मरण मोजून झाल्यावर.

विदर्भातला एक अनुभव मात्र उमेद देणारा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या गावांत ‘विश्राम’ नावाच्या कार्यक्रमात गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी नैराश्याविषयी बोलायला, विचारायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. विचारणारा ओळखीचा होता, भाषा घरची होती, आणि विचारल्यानंतर पुढे काय करायचे याची व्यवस्था होती. शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्याच्या उत्तराचे काहीच होणार नाही, त्याला त्याचे दुःख विचारायचा अधिकार कुणालाही नाही.

म्हणून उमरग्याच्या मापाचा निकाल फिनलंडशी ताडून पाहायची घाई नको. तो आधी त्याच गावाच्या ग्रामसभेत वाचला जावा आणि त्याच गावाच्या मागल्या वर्षाशी ताडला जावा. विधवांना बोलावणे येत नसेल, तर त्याचा उपाय गावाकडेच आहे; त्यासाठी मुंबईचा आदेश लागत नाही. कर्जाने झोप उडाली असेल, सप्टेंबर २०२५सारख्या अतिवृष्टीत पीक वाहून गेले असेल, तर त्याला समुपदेशन हे उत्तर नाही. तिथे पैसा वेळेवर पोचला पाहिजे. आणि खरोखरचा आजार असेल तर उमरग्याच्या उपजिल्हा रुग्णालयात त्याच्यासाठी माणूस आणि औषध रोज हवे, शिबिराच्या दिवशी नव्हे.

सुरुवात पुनर्वसित गावांपासून व्हावी असे मला वाटते. जुन्या गावठाणात संसार केलेली आणि नव्या आखीव गावातही तीस वर्षे काढलेली माणसे तिथे अजून आहेत. चौरस फूट वाढले तेव्हा आणखी काय वाढले आणि काय गेले, हे दोन्ही बाजूंनी सांगू शकणारे तेच. १९९३ साली जे तिशीत होते, ते आता साठी ओलांडून गेले आहेत. शिडी नंतर दाखवता येईल. कँट्रिलचा पहिला अर्धा प्रश्न त्यांना याच वर्षी, त्यांच्या मराठीत, कन्नडमध्ये, दखनीत विचारायला हवा, आणि त्यांचे उत्तर पूर्ण होईपर्यंत लिहून घ्यायला हवे.