रोगासाठी जन्माला घातलेला जीव

पित्तवाहिनीच्या कर्करोगाचा अभ्यास करण्यासाठी उंदरांत हा रोग मुद्दाम घडवला जातो. यकृताच्या पेशींत के-रास हे जनुक कायमचे चालू ठेवायचे आणि पेशींच्या वाढीला लगाम घालणारे पी-53 काढून टाकायचे, ही त्याची एक रीत. नुसत्या के-रासमधल्या बदलानेही गाठी होतात; पी-53 नसेल तर त्या लवकर होतात आणि पसरतात. हा बदल यकृतातच व्हावा म्हणून त्याची कळ अल्ब्युमिनच्या जनुकाशी जोडलेली असते. पिल्लू दिसायला धडधाकट जन्मते, आईला पिते, हुंदडते. त्याच्या यकृतात पुढे काय होणार, हे मात्र त्याच्या जन्माआधीच ठरलेले असते.

असा जीव जन्माला घालणे धर्म्य आहे का?

प्राण्याला विचार करता येतो का हे न पाहता त्याला दुःख होते का हे पाहावे, असे तत्त्वज्ञ बेंथॅमने 1789 मध्ये मांडले. आजचे नियम बव्हंशी याच वाटेने जातात. प्राण्यांऐवजी दुसरा मार्ग शोधावा, त्यांची संख्या घटवावी, यातना कमी कराव्यात, ही त्रिसूत्री रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये दिली. गाठ असह्य होण्याआधी उंदराला वेदनारहित मरण देतात, तेही याच विचाराने. पण यातना शून्यावर आणल्या तरी रोग हेच ज्याच्या असण्याचे कारण, अशा आयुष्याचा प्रश्न उरतोच. दुःख मोजणाऱ्या तराजूत त्याला जागा नाही.

जैन विचार इथे अधिक खोल जातो. गृहस्थाच्या हातून होणारी हिंसा त्यात चार प्रकारांत मांडली आहे: आरंभी (घरकामात होणारी), उद्योगी (उपजीविकेत होणारी), विरोधी (बचावात होणारी) आणि संकल्पी (ठरवून केलेली). नांगराखाली किडे मरतात, पण शेतकऱ्याला ते मरायला नको असतात. अशी हिंसा गृहस्थाला पुरती टाळता येत नाही. संकल्पी हिंसा मात्र त्यानेही वर्ज्य करायची. संशोधकाच्या मनात द्वेष नसतो, उलट रुग्णाविषयी कळकळ असते, आणि भावाला महत्त्व देणारा जैन विचार ती नक्कीच जमेस धरील. तरीही उंदराची गाठ हा नांगरटीसारखा अनिष्ट परिणाम नव्हे. गाठ झाली नाही तर प्रयोगच फसतो. वैद्य रुग्णाला कापतो ते त्याच रुग्णाच्या भल्यासाठी; उंदराच्या पदरात काहीच पडत नाही. म्हणून ही हिंसा संकल्पीच्या अगदी जवळची आहे, हे मान्य करावे लागते. शुद्ध हेतूने दोष हलका होतो, कृतीची जात बदलत नाही.

लाभ खरा आहे. आयडीएच जनुकातल्या बदलामुळे यकृताच्या मूळ पेशी परिपक्व होत नाहीत आणि के-रासच्या जोडीने कर्करोगाकडे वळतात, हे 2014 मध्ये उंदरांतच दिसले. आयडीएच-1मध्ये बदल असलेल्या रुग्णांसाठी आयव्होसिडेनिब या औषधाला अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळाली. त्याचे श्रेय एकट्या उंदराचे नाही. हे औषध त्याआधीच रक्ताच्या कर्करोगात वापरात होते, आणि पित्तवाहिनीच्या कर्करोगात ते मुख्यतः रोगाची वाढ काही काळ रोखते.

शिवाय उंदराचा पुरावा ग्राह्य ठरतो तो त्याचे शरीर माणसासारखे चालते म्हणूनच. यकृत सारखे म्हणून साम्य धरायचे आणि वेदनेची वेळ आली की प्राणी वेगळा म्हणायचे, हे न्यायाला धरून नाही. वेदनाही त्याच शरीरात वाहते.

पित्तवाहिनीच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या सूक्ष्म ऊतींत हेच जनुकबदल करता येतात. एखादा बदल पेशीला कर्करोगाकडे नेतो का, एवढेच पाहायचे असेल तर उंदराची गरज पुष्कळदा उरत नाही. रोग यकृताबाहेर कसा पसरतो, प्रतिकारशक्ती त्याला कशी सामोरी जाते, औषध सगळ्या शरीराला झेपते का, यांसाठी आजही जिवंत शरीर लागते. परवानगी द्यायचीच तर ती अशा एकेका प्रश्नापुरती द्यावी, आणि दुसरा मार्ग का नाही हे सिद्ध करण्याचा भार प्रत्येक वेळी संशोधकावर असावा.